सांबरांची पाण्याकडची वाट

निपाणी-सदलगा भागातील शेतकऱ्याला, आपल्या उसाला पाणी कोठून येते असे विचारले, तर तो पाटगाव आणि काळम्मावाडी ही दोन नावे हमखास घेईल. वेदगंगा आणि दूधगंगा या दोन नद्यांनी हा सारा मुलूख हिरवा ठेवला आहे. काळम्मावाडीचे धरण तर महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांचा संयुक्त प्रकल्प आहे. त्यातील सुमारे चार टीएमसी पाण्यावर कर्नाटकाचा वाटा आहे. पाण्याच्या वाटणीची चर्चा आपण सीमाभागातील माणसे नेहमीच करतो. परंतु ज्या डोंगरात हे पाणी साठते, तेथे त्याचे आणखी काही हक्कदार राहतात, याची आठवण आपल्याला क्वचितच होते. त्या मुक्या हक्कदारांविषयी, विशेषतः सांबरांविषयी, चार शब्द लिहावेत असे या स्मरणिकेच्या निमित्ताने वाटले.

वैद्यकीय व्यवसायातून सवड मिळेल तेव्हा दाजीपूर-राधानगरीच्या जंगलात जाण्याचा छंद मला अनेक वर्षांपासून आहे. निपाणीहून निघाल्यास हे अरण्य काही फार दूर नाही. १९५८ साली दाजीपूरचे गवा अभयारण्य म्हणून ते जाहीर झाले आणि महाराष्ट्रातील सर्वांत जुने अभयारण्य होण्याचा मान त्याला मिळाला. १९८५ मध्ये त्याचा विस्तार ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत करण्यात आला. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील निवडक स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात राधानगरीचाही समावेश झाला. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर उभारायला घेतलेल्या राधानगरी धरणाचा जलाशय आणि दूधगंगेवरील काळम्मावाडीचा जलाशय या दोहोंच्या भोवती हे जंगल पसरलेले आहे. म्हणजे हे केवळ डोंगरी अरण्य नव्हे. दोन विस्तीर्ण पाणथळींना कवेत घेऊन बसलेले अरण्य आहे.

गव्यामुळे या जंगलाची कीर्ती झाली खरी. पण येथे सांबर आहे, भेकर आहे आणि सशाहून थोडी मोठी भासणारी लाजाळू पिसोरीही आहे. शास्त्राच्या काटेकोर दृष्टीने पिसोरी ही खरी हरीणकुळातील नव्हे, तिला शिंगेही नसतात. पण जंगलातील माणूस तिला हरणांतच धरतो. ठिपक्यांचे चितळ मात्र अतिपावसाच्या या सदाहरित रानात फारसे रमत नाही. त्याला पूर्वेकडचे, दांडेलीच्या बाजूचे कोरडे पानझडी जंगल अधिक मानवते.

वर्षाचे चार मुक्काम

सांबराच्या हालचालीला स्थलांतर म्हणावे का, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. हिवाळ्यात हजारो मैलांवरून येणाऱ्या क्रौंच पक्ष्यांसारखा हा प्रवास नाही. सांबराचे फिरणे काही चौरस किलोमीटरच्या मुलखातच चालते. परंतु त्या छोट्या मुलखातही त्याचे मुक्काम ऋतूंप्रमाणे बदलतात आणि ते बदलण्यामागची मुख्य प्रेरणा एकच असते, ती म्हणजे पाणी.

पावसाळ्यात या भागात चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. प्रत्येक ओहोळ वाहता असतो, जांभ्या दगडाच्या सड्यांवर गवत उगवते. पाण्यासाठी एका जागी जमण्याचे कारणच उरत नाही. सांबरे डोंगरभर पांगतात. बहुतेक पाडसे पावसाळ्याच्या आगेमागे जन्मतात, आणि दाट हिरवाईत ती लपवणे आईला सोपे जाते. हिवाळा सुरू झाला की सड्यावरचे गवत पिवळे पडते. हा नरांच्या माजाचा काळ; याच दिवसांत त्यांची खणखणीत हाक दरीत घुमते. पुढे माघ-फाल्गुनात ओढे आटू लागतात, आणि सांबरे हळूहळू खालच्या, सावलीच्या, ओलसर रानाकडे सरकतात. चैत्र-वैशाखात मात्र सारी वाट एकाच दिशेने जाते. उरलेले डोह आणि धरणाचा फुगवटा हेच त्यांचे आधार ठरतात. सांबराला रोज पाणी लागते. पाण्यात उतरून पाणवनस्पती खाणे आणि चिखलात लोळणे हेही त्याला प्रिय आहे.

जुन्या माणसांनी हे सारे केव्हाच ओळखले होते. दाजीपूरच्या रानातील ठिकाणांची नावेच पाहा ना! ‘सांबरकोंड’, ‘वाघाचे पाणी’. कोंड म्हणजे खोल डोह. ज्या डोहावर सांबर येते त्याला सांबराचे नाव आणि ज्या पाण्यावर त्याचा वैरी येतो त्याला वाघाचे नाव! वनखात्याची वैशाखी पौर्णिमेची प्राणिगणनाही याच तत्त्वावर उभी आहे. ऐन उन्हाळ्यात, टिपूर चांदण्यात, पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसले की जंगल आपल्या पायांनी समोर येते.

उतरणाऱ्या पाण्याचे दान

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. धरणाचे पाणी उन्हाळ्यात उतरते ते मुख्यतः आपल्यामुळे. खालच्या शेतांना आणि गावांना पाणी सोडले जाते, जलाशय मागे हटतो आणि त्याच्या काठावर ओलसर गाळाचा पट्टा उघडा पडतो. त्यावर कोवळे गवत तरारते. बाकी सारे रान करपलेले असताना हा हिरवा पट्टा तृणभक्षी प्राण्यांना जीवदान ठरतो. उन्हाळ्याच्या अखेरीस अशा गाळात सकाळी सांबरांच्या खुरांचे ताजे ठसे मी अनेकदा पाहिले आहेत. प्राणी मात्र उजाडण्यापूर्वीच रानात परतलेला असतो. आपल्याच राज्यातील कबिनी जलाशयाचे उदाहरण सर्वश्रुत आहे. १९७४ साली पूर्ण झालेल्या त्या धरणाच्या फुगवट्यावर दर उन्हाळ्यात हत्तींचे मोठमोठे कळप आणि चितळे गोळा होतात.

म्हणजेच पाण्याचे चढणे आणि उतरणे या दोन्हींची हरणांना गरज असते. केवळ मुबलक पाणी असले की वन्यजीव सुखी, हा समज अपुरा आहे. याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्या देशाच्या दुसऱ्या टोकाला, मणिपूरच्या लोकटक सरोवरात सापडतो. तेथील केइबुल लामजाओ हे चाळीस चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान पाण्यावर तरंगणाऱ्या गवताच्या जाड थरांचे बनलेले आहे. या थरांना तेथे ‘फुमदी’ म्हणतात. संगाई हे दुर्मीळ हरीण त्यांवरच राहते. पूर्वी कोरड्या ऋतूत पाणी उतरले की फुमदी तळाला टेकत, त्यांची मुळे गाळातून पोषण घेत, आणि पाऊस आला की त्या पुन्हा वर येत. पूर चढला तर संगाई उद्यानातील उंच टेकड्यांचा आश्रय घेई. १९८३ मध्ये वीजप्रकल्पासाठी इथाई बंधारा कार्यान्वित झाला आणि सरोवराची पातळी वर्षभर चढीच राहू लागली. फुमदी तळाला टेकेनाशा झाल्या, उपासमारीने पातळ झाल्या, आणि काही ठिकाणी हरणाचे वजनही पेलेनाशा झाल्या. १९७५ च्या हवाई पाहणीत अवघी चौदा संगाई आढळली होती. संरक्षणामुळे २०१६ च्या गणनेत ती संख्या २६० वर गेली, ही आनंदाची गोष्ट. परंतु पायाखालची जमीनच क्षीण होत असताना नुसत्या पहाऱ्यावर ती किती काळ तगणार, ही चिंता कायम आहे.

डॉक्टरांच्या नजरेतून

पाणवठा हे केवळ तहान भागवण्याचे ठिकाण नाही, ते रोगांच्या देवघेवीचेही ठिकाण आहे. रानात चरणारी गुरे आणि वन्यप्राणी उन्हाळ्यात एकाच काठावर येतात, तेव्हा लाळ्या-खुरकुतासारखे रोग गुरांकडून रानात शिरू शकतात. १९६८ साली बंडीपूर-मुदुमलाईच्या जंगलात बुळकांडीने गव्यांचा फडशा पाडला होता. ती बुळकांडी २०११ साली जगातून हद्दपार झाली, हा पशुवैद्यकांचा फार मोठा विजय. पण तिने दिलेला धडा विसरून चालणार नाही.

उलट दिशेची वाटही आहे. १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप आता आपल्या दाराशी आलेला आहे. २०१६ साली दोडामार्ग परिसरात त्याची साथ आली, गोव्यातील काजूच्या बागांत काम करणाऱ्या मजुरांतही रुग्ण आढळले. हा ताप पसरवणारी गोचीड मोठ्या जनावरांच्या अंगावर, विशेषतः चरायला सोडलेल्या गुरांवर, वाढते. तिची पिल्ले डिसेंबर ते मे या काळात माणसाला चावतात. यात हरणाला दोषी धरणे अन्यायाचे होईल. जंगल तोडून, त्याच्या पोटात बागा घालून, गुरे आत सोडून आपणच ही साखळी जोडली. आपल्यापुरते एवढे करावे, की या महिन्यांत रानातून आलेल्या रुग्णाला तीव्र ताप, अंगदुखी किंवा रक्तस्राव दिसला, तर ‘कोठे गेला होतात?’ हा प्रश्न विचारण्यास विसरू नये.

आपल्या हातात काय आहे?

पाणथळींच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांतून सिंचन व पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. वास्तविक मानवनिर्मित पाणथळीही तितकीच जिवंत असू शकते. आपल्याच जिल्ह्यात गोकाकजवळच्या धुपदाळच्या बंधाऱ्यामागे घटप्रभा पक्षी अभयारण्य १९७४ पासून उभे आहे. नाशिककडचे नांदूर मधमेश्वर, तेही बंधाऱ्याचेच अपत्य, २०२० मध्ये रामसर यादीत गेले. राधानगरीचे दोन्ही जलाशय अभयारण्याच्या कुशीत असल्याने त्यांना वन्यजीव कायद्याचा आधार आहे. तरीही उन्हाळ्यातील तो हिरवा काठ सुरक्षित राहील की नाही, हे कायद्यापेक्षा आपल्या वागण्यावर अधिक अवलंबून आहे. सड्यावर वणवा लागला, काठ गुरांनी आणि सहलीच्या गोंगाटाने व्यापला, की तहानलेले जनावर खाली उसाकडे वळते. तेथे बेकायदा वीज सोडलेली तार त्याची वाट पाहत असते आणि अशी तार माणसाचाही जीव घेते.

म्हणून वैशाखात दाजीपूरला जाणाऱ्या मित्रांना माझी विनंती एवढीच आहे: संध्याकाळ झाली की काठ सोडावा. ती वेळ आपली नव्हे. आपण आपला पाण्याचा वाटा वर्षभर घेतच असतो. सांबर तो रात्रीच्या काही तासांतच मागते.