मुंबईची सोप्रानो

मायक्रोफोन नाही. समोर भरगच्च वाद्यवृंद, आणि त्यावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा! साधारण १६०० ते १७५० या बरोक काळापासूनची ऑपेराची ही अट. त्यातला स्त्रीचा सर्वांत उंच पट्टीचा आवाज म्हणजे सोप्रानो.

१९६० साली मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ हा आवाज घेऊन लंडनच्या गिल्डहॉल स्कूलमध्ये शिकल्या. हँडेल-बाखपासून आजच्या संगीतकारांपर्यंत सारं गायल्या. जॉन टॅव्हनर यांनी तर तीसहून अधिक रचना त्यांच्यासाठी लिहिल्या. टॅव्हनर यांच्याच १९९२च्या ‘मेरी ऑफ इजिप्त’ ऑपेरातली मुख्य भूमिकाही रोझारिओ यांचीच. एका गळ्यावर संगीतकाराचा एवढा विश्वास दुर्मीळच.

२००९मध्ये ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ हा उपक्रम सुरू करून त्या भारतातल्या तरुण गायकांना शिकवू लागल्या. गाणाऱ्या मुलींनी हा आवाज एकदा जरूर ऐकावा.