लॅपटॉपची स्मृतिवाढ : विजोड पट्ट्या चालतात काय?

शाळा, ग्रामपंचायती व तालुका कार्यालये यांच्या कामकाजात लॅपटॉप हे दप्तराइतकेच आवश्यक साधन झाले आहे. काही वर्षांच्या वापरानंतर हे यंत्र मंदावते आणि ‘निर्लेखित करावे’ असा शेरा त्याच्या वाट्यास येतो. पुष्कळदा दोष यंत्राचा नसून अपुऱ्या स्मृतीचा, म्हणजेच रॅमचा असतो. जुन्या ४ जीबीच्या पट्टीशेजारी ८ जीबीची पट्टी बसविल्यास तेच यंत्र पुन्हा कामास येऊ शकते. तथापि, दोन पट्ट्या एकसारख्या नसल्यास चालेल काय, अशी शंका अनेकांस येते.

आधी निदान

नेहमीचे काम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये स्मृतीचा वापर पाहावा. ती जवळजवळ भरलेली असेल तरच नव्या पट्टीचा लाभ होईल. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पटलावर कायमची जोडलेली असते. त्यामुळे रिकामा स्लॉट आहे किंवा नाही आणि यंत्र कमाल किती रॅम स्वीकारते, याचीही खात्री करून घ्यावी.

पिढी एकच हवी

याबाबत तडजोड नाही. लॅपटॉपच्या डीडीआर ३ पट्टीस २०४, डीडीआर ४ पट्टीस २६०, तर डीडीआर ५ पट्टीस २६२ संपर्कबिंदू असतात व खाचेची जागाही निराळी असते. एका पिढीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. बळाने बसवू नये. डीडीआर ३ मध्ये १.५ व १.३५ व्होल्ट असे दोन प्रकार आहेत. काही लॅपटॉप केवळ १.३५ व्होल्टचीच पट्टी स्वीकारतात.

वेग आणि क्षमता

वेग भिन्न असल्यास दोन्ही पट्ट्या सामान्यतः मंद पट्टीच्या वेगाने चालतात. २४०० च्या जोडीस ३२०० ची पट्टी दिली, तर दोन्ही २४०० नेच चालतील. क्षमता भिन्न असल्यास बहुतेक यंत्रे समान भाग जोडीने वापरतात. ४ व ८ जीबीच्या पट्ट्यांपैकी प्रत्येकी ४ जीबी जोडीने, तर उरलेले ४ जीबी एकेरी मार्गाने चालतात. एकसारख्या जोडीहून हा वेग किंचित कमी असला, तरी अपुऱ्या स्मृतीपेक्षा ही व्यवस्था निश्चितच उपकारक ठरते.

दक्षता

क्वचित दोन पट्ट्यांचे जुळत नाही. यंत्र सुरूच झाले नाही, तर दोष लगेच कळतो. मात्र ते सुरू होऊन अधूनमधून बंद पडत असेल, तर नोंदींमध्ये नकळत चुका शिरण्याचा धोका संभवतो. जन्म-मृत्यूच्या नोंदी, करआकारणी, विद्यार्थ्यांचे गुण ज्या यंत्रात आहेत, तेथे ही बाब गंभीर होय. यास्तव प्रथम सर्व माहितीची प्रत अन्यत्र ठेवावी. यंत्र बंद करून विद्युतजोडणी व बॅटरी अलग करावी, धातूस स्पर्श करून अंगावरील स्थितिक वीज घालवावी व मगच पट्टी हाताळावी. बसविल्यावर विंडोज मेमरी डायग्नोस्टिक ही चाचणी घ्यावी. चूक आढळल्यास नवी पट्टी परत करावी. खरेदीपूर्वी तशी अट ठरवून घेणे इष्ट.

निर्लेखनाच्या प्रस्तावावर स्वाक्षरी करण्यापूर्वी एवढी तपासणी झाली, तर एका पट्टीच्या खर्चात कार्यालयाचे एक यंत्र वाचू शकेल.