लघुलहरींवरील पहिला संच : निवड कशी करावी?

गतवर्षीच्या स्मृतिव्याख्यानानंतर चहापानाच्या वेळी माजी विद्यार्थ्यांपैकी काहींनी एक सूचना मांडली. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी याच शाळेच्या प्रयोगशाळेत स्वतः तयार केलेल्या क्रिस्टल सेटवर आमच्या पिढीला आकाशवाणी ऐकविली होती. तेव्हा त्यांच्या नावाने शाळेत हौशी रेडिओचे एक लहानसे केंद्र का उभारू नये, अशी ती सूचना होती. ती सर्वांना आवडली आणि वर्गणीही जमू लागली. तेव्हापासून भेटणारा प्रत्येकजण मला एकच प्रश्न विचारतो, ‘संच कोणता घ्यावयाचा?’ या प्रश्नाचे उत्तर यंत्राचे नाव सांगून एका वाक्यात देता येईल. परंतु तसे उत्तर ऐकून मी स्वतः एकदा फसलो आहे. म्हणून ते सविस्तर द्यावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

हौशी रेडिओ म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगतो. सरकारची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळविलेली व्यक्ती ठरवून दिलेल्या वारंवारतांवर, कोणताही आर्थिक हेतू न ठेवता, जगातील अन्य परवानाधारकांशी बिनतारी संभाषण करू शकते. त्यासाठी लागणाऱ्या यंत्रात ऐकण्याची व बोलण्याची अशी दोन्ही साधने एकत्र असतात. त्यालाच ट्रान्सीव्हर म्हणतात. या लेखात त्याला नुसते ‘संच’ म्हटले आहे. लघुलहरींचा पट्टा साधारणपणे ३ ते ३० मेगाहर्ट्झ इतका मानला जातो. या लहरी जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंच असलेल्या आयनांबरावरून परावर्तित होऊन पुन्हा पृथ्वीवर येतात. त्यामुळे मध्ये कोणताही मनोरा, उपग्रह अथवा केबल नसतानाही हैदराबादेहून पुण्याशी किंवा युरोपशी बोलता येते.

१९८६ साली परवाना हाती आला, तेव्हा शिकवणीतून साठविलेले सर्व पैसे खर्चून मी १०० वॅटचा एक वापरलेला संच घेतला. संच उत्तम होता. परंतु अँटेनासाठी पैसा उरला नव्हता. म्हणून खोलीतच भिंतीलगत वायर फिरविली आणि चार महिने मी पुकारा करीत राहिलो. एकाही केंद्राने उत्तर दिले नाही. निराश होऊन संच विकावा असे ठरविले आणि सरांना जाऊन सांगितले. त्यांनी संचाची किंमत विचारली नाही की कंपनीही विचारली नाही. त्यांनी एवढेच विचारले, “आणि तार कोठे बांधलीस?” पुढच्या रविवारी ते स्वतः आमच्या गच्चीवर आले. एक बांबू, कोठीच्या गुजराती गल्लीतून आणलेली तांब्याची वीस मीटर तार आणि समाक्ष केबल एवढ्या साहित्यावर दुपारपर्यंत अँटेना उभी राहिली. सायंकाळी पुण्याच्या एका गृहस्थांनी माझ्या पहिल्याच पुकाऱ्याला उत्तर दिले. चार महिन्यांत जे घडले नव्हते ते घडले. संच मात्र तोच होता.

यातून मी जो धडा घेतला तोच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. पहिला संच निवडताना संचाचा विचार सर्वांत शेवटी करावा. आधी कोणाशी बोलावयाचे ते ठरवावे, मग तारेची जागा पाहावी, मग विजेची सोय पाहावी. एवढे झाले की संचाची निवड बव्हंशी आपोआप होते.

उद्देश आणि वारंवारता

लघुलहरींचे वर्तन दिवसाच्या प्रहरानुसार बदलते. दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा थर कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो आणि सूर्यास्तानंतर तो विरून जातो. यामुळे ३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा मुख्यतः रात्री उपयोगी पडतो. ७ मेगाहर्ट्झवर दिवसा काही शे किलोमीटरपर्यंत आणि रात्री त्याहून बरेच लांब बोलता येते. १४ व २१ मेगाहर्ट्झ हे प्रामुख्याने दिवसाचे आणि दूर देशांचे पट्टे होत. २८ मेगाहर्ट्झचा पट्टा सूर्यावरील डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्रावर फार अवलंबून असतो. या चक्राचा कळस २०२४ च्या सुमारास होऊन गेला. आता पुढील काही वर्षे त्या पट्ट्यावरील दूरची संभाषणे उत्तरोत्तर विरळ होत जातील. केवळ २८ मेगाहर्ट्झवर चालणारे स्वस्त संच बाजारात मिळतात. पहिला व एकमेव संच म्हणून ते घेऊ नयेत, असे मी सांगतो त्याचे हे कारण आहे.

आपल्या शाळेपुरते बोलावयाचे तर पुणे, बेळगाव, इंदूर येथील मराठी मुलांशी आपल्या मुलांनी बोलावे, ही आपली पहिली इच्छा आहे. ही अंतरे सरळ रेषेत सुमारे चारशे ते सातशे किलोमीटर भरतात. शाळेच्या वेळात या कामासाठी ७ मेगाहर्ट्झ हाच योग्य पट्टा होय. त्याला १४ आणि २१ मेगाहर्ट्झची जोड मिळाली की परदेशही आवाक्यात येतो.

तार

सर्वांत साधी अँटेना म्हणजे अर्धलहरी द्विध्रुव, अर्थात डायपोल. १४३ या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की तिची मीटरमधील लांबी सुमाराने मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती वीस मीटर येते, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूस दहा मीटर. शाळेच्या गच्चीवर मध्यभागी एक खांब रोवून दोन्ही बाहू कठड्याकडे उतरते बांधले तरी चालतात. विशेष म्हणजे ७ मेगाहर्ट्झसाठी कापलेली ही तार तिप्पट वारंवारतेवर, म्हणजे २१ मेगाहर्ट्झवरही, बऱ्यापैकी काम देते. आठ-दहा मीटर उंचीवरच्या अशा तारेतून लहरी बऱ्याच प्रमाणात उभ्या कोनाने वर जातात आणि जवळच्या काही शे किलोमीटरच्या टापूत उतरतात. आपल्याला तेच हवे आहे.

अनेक संचांत ‘ट्यूनर’ बसविलेला असतो. त्यामुळे संच आणि तार यांतील थोडी तफावत भरून निघते; परंतु चुकीची तार त्यामुळे चांगली होत नाही. खोलीत फिरविलेल्या माझ्या वायरवरही संच तक्रार न करता चालत होता, याचे आजही मला आश्चर्य वाटते.

वीज

लघुलहरींचे बहुतेक संच १३.८ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालतात. १०० वॅटचा संच बोलताना वीस-बावीस अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो. ऐकताना मात्र एखाद्या अँपिअरवर भागते. म्हणून तेवढ्या क्षमतेचा वीजपुरवठा संचाबरोबरच अंदाजपत्रकात धरावा लागतो. त्याच्या जोडीला १२ व्होल्टची बॅटरी असावी, असा माझा आग्रह आहे. मात्र येथे एक बारकावा आहे. अनेक संचांच्या माहितीपत्रकात १३.८ व्होल्टपासून वर-खाली १५ टक्क्यांची सूट दिलेली असते, म्हणजे किमान ११.७ व्होल्ट. उतरत चाललेली बॅटरी पूर्ण भारात सहज याखाली जाते आणि संच ऐन बोलताना बंद पडतो. म्हणून शक्ती कमी करण्याची सोय असलेला संच घ्यावा आणि बॅटरीवर तो कमी शक्तीने चालविण्याचा सराव ठेवावा.

हा सराव कशासाठी, ते डिसेंबर २००४ मध्ये दिसले. आपल्याच शहरात १९८३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद या त्या वेळी हौशी रेडिओच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप आणि त्सुनामी झाली, नेहमीचे दूरध्वनी कोलमडले, आणि हौसेसाठी नेलेल्या त्याच साधनांवरून अंदमानातील माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचू लागले. अशा प्रसंगी संच किती महाग आहे याला महत्त्व नसते. तार उभी आहे का, बॅटरी भरलेली आहे का आणि चालविणाऱ्याचा हात बसलेला आहे का, एवढेच पाहिले जाते.

शक्ती

नवख्या माणसाला वॅटचा आकडा भुरळ घालतो. त्याचे खरे मोल असे. ऐकू येणारा संकेत मोजण्याच्या मापकावर एक पायरी म्हणजे ६ डेसिबल, अर्थात शक्तीची चौपट. ५ वॅटऐवजी १०० वॅट वापरले तर ऐकणाऱ्याच्या मापकावर सुमारे दोन पायऱ्या वाढतात. १०० चे ४०० वॅट केले तर फक्त एक. शिवाय किती शक्ती वापरावयाची हे परवान्याच्या श्रेणीवरही अवलंबून असते. आपल्या परवान्यावर जे लिहिले असेल तीच मर्यादा. माझ्या मते पहिल्या संचासाठी शक्ती कमी-जास्त करता येणारा १०० वॅटचा संच सोयीचा होय. गोंगाटाच्या दिवशी आवाजी संभाषणात त्या दोन पायऱ्या नवशिक्याचा धीर टिकवून ठेवतात. ५ वॅटवरही जग गाठता येते. परंतु त्याला मोर्स किंवा संगणकाच्या साह्याने चालणाऱ्या पद्धतींची जोड असावी. १९९३ सालचे नोबेल पारितोषिक मिळविणारे पदार्थवैज्ञानिक जोसेफ टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँक यांची २०१७ मध्ये आलेली ‘एफटी८’ ही अशीच एक पद्धत असून, कानाला ऐकूही न येणारे संकेत तिच्या साह्याने वाचता येतात. त्यासाठी संगणकाशी थेट जोडता येणारा संच घेतल्यास पुढचा खर्च वाचतो.

कान

बोलण्यापेक्षा ऐकण्याचा भाग तपासावा, हे विक्रेता क्वचितच सांगतो. ७ मेगाहर्ट्झवर वातावरणाचा स्वतःचाच गोंगाट इतका असतो की कोणत्याही बऱ्या संचाची संवेदनशीलता पुरेशी ठरते. खरा फरक निवडक्षमतेत असतो. शेजारी मोठ्याने बोलणारे केंद्र असताना आपल्याला हवे ते क्षीण केंद्र वेगळे काढता येते का, हे पाहावे. आवाजासाठी सुमारे २.४ किलोहर्ट्झ आणि मोर्ससाठी ५०० हर्ट्झ रुंदीची गाळणी संचात आहे की वेगळी विकत घ्यावी लागते, हे विचारून घ्यावे. अँटेनावरील लहरींचे थेट अंकांत रूपांतर करणारे संच आता मध्यम किमतीत मिळतात. २०१६ साली बाजारात आलेल्या आयकॉम कंपनीच्या आयसी-७३०० ने ही पद्धत सर्वसामान्य हौशी माणसापर्यंत आणली. अशा संचाच्या पडद्यावर संपूर्ण पट्टा एका दृष्टिक्षेपात दिसतो. विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे.

शहरात आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे आपल्याच घरातील विद्युत गोंगाट. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर ही त्याची उगमस्थाने. संच बॅटरीवर चालवून इमारतीचा मुख्य स्विच क्षणभर बंद करावा. खरखर एकदम ओसरली तर दोष संचात नसून घरात आहे. ही परीक्षा फुकट होते आणि अधिक महाग संच घेण्याचा मोह बहुधा तेथेच संपतो.

नवा, वापरलेला की स्वहस्ते बांधलेला?

नव्या संचाबरोबर हमी आणि दुरुस्तीची सोय येते. वापरलेला संच निम्म्या किमतीतही मिळू शकतो. पण तो जाणकाराला बरोबर नेऊन पाहावा. ५० ओहमचा कृत्रिम भार जोडून प्रत्येक पट्ट्यावर शक्ती मोजावी, अर्धा तास चालवून वारंवारता सरकते का ते पाहावे, आणि मायक्रोफोन, वीजजोड व माहितीपुस्तिका सोबत आहेत ना, याची खात्री करावी. निर्वात नलिकांचे जुने संच देखणे असतात. परंतु त्यांत शेकडो व्होल्टचा दाब असल्याने ते शाळेत आणू नयेत.

तिसरा मार्ग आपल्याच शहरातून जगभर गेला आहे. हैदराबादचे अशहर फरहान यांनी या शतकाच्या आरंभी ‘बिटएक्स’ नावाच्या संचाची रचना सर्वांसाठी खुली केली. १४ मेगाहर्ट्झवर सुमारे ६ वॅट देणारा हा संच सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून बांधता येतो; महागड्या चुंबकीय कड्याऐवजी नळाच्या वॉशरवर तार गुंडाळण्यापर्यंत त्यांनी काटकसर साधली होती. शाळेचा मुख्य संच म्हणून मी तो सुचविणार नाही. परंतु आठवी-नववीच्या मुलांनी वर्षभरात असा एक संच बांधला, तर दुसरा संच निवडताना त्यांना कोणाचा सल्ला लागणार नाही.

कोणताही मार्ग घेतला तरी परवाना हाती येण्यापूर्वी प्रक्षेपण करू नये, खरेदीची कागदपत्रे जपावीत आणि परदेशातून संच मागविण्याआधी आयातीचे नियम पाहावेत. नुसते ऐकण्याची सवय मात्र आजपासून लावावी.

माझी शिफारस अशी. जमलेल्या रकमेचा निम्मा भाग संचासाठी ठेवावा आणि उरलेल्या निम्म्यातून तार, खांब, केबल, वीजपुरवठा, बॅटरी व वीज कोसळण्यापासून संरक्षण देणारी भूजोडणी करावी. संच १०० वॅटचा, साधा, सर्व लघुलहरी पट्ट्यांचा आणि मोर्सच्या गाळणीसह असावा. खरेदीचा क्रमही हाच ठेवावा. आधी गच्चीवर तार चढवावी, संच मागाहून आणावा. पैसे कमी पडले तर संच लहान घ्यावा. तार मात्र कमी करू नये.

केंद्र सुरू होईल त्या दिवशी संचाभोवती मुलांची गर्दी होईल आणि ते स्वाभाविकच आहे. पण त्यांच्यापैकी एखादा मुलगा किंवा मुलगी संचाकडे न पाहता खिडकीबाहेर डोकावून ‘तार कोठे बांधली आहे?’ असे विचारील, तेव्हा सरांचा पाठ पुढच्या पिढीपर्यंत पोहोचला, असे मी समजेन.