जुन्या घराचा माळा व छपराखालील हवा

इंदुरातील बडा गणपती व मल्हारगंज भागांतील जुन्या घरांची ठेवण आपल्या व्यापारी बंधूंस नव्याने सांगावयास नको. रस्त्याकडे पेढी, मागे कोठार, वर कुटुंबाची राहणी आणि सर्वांत वर, कौलांखाली, माळा. या माळ्यावर पूर्वी कोणी निजत नसे. जुनी भांडी व अडगळीचे सामान तेथे पडून राही. पुढे कुटुंबे वाढली, धंदा वाढला आणि माळ्याची खोली झाली. कोठे मुनीमजींची बैठक, कोठे हमालांची निजण्याची जागा, कोठे घरातील वृद्धांची खोली. दरवर्षी कौले शाकारण्याचा त्रास नको, म्हणून वर पन्हळी पत्रा आला. असे रूपांतरित घर वैशाखात भट्टीसारखे का तापते आणि त्यावर उपाय काय, याचा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

माळा ही रिकामी जागा नव्हती, तो घराचा उष्णतारोधक थर होता, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. कौलांच्या सांध्यांतून वारा सतत खेळे. तापलेली हवा आढ्याशी चढून बाहेर पडे व वळचणीतून दुसरी आत येई. सूर्य व मनुष्य यांच्यामध्ये वाहत्या हवेची ही उशी होती. खोली केली तेव्हा उशी गेली, आणि पत्रा बसविला तेव्हा फटीही गेल्या. उन्हाळ्यातील भर दुपारी पत्र्याचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. अशा पत्र्याखाली बसणाऱ्यास हवेपेक्षा पत्र्यातून खाली येणारे उष्ण किरणच अधिक भाजतात. पंखा ती तप्त हवाच फिरवितो, किरण अडवीत नाही.

हा केवळ सुखसोयीचा प्रश्न नव्हे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची जी लाट आली, त्या महिन्यात नेहमीच्या मानाने १,३०० हून अधिक जादा मृत्यू झाल्याचे पुढे अभ्यासात आढळले. त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाची योजना आखली आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचे काम हाती घेतले. छपरावर चुन्याचा पांढरा हात फिरविणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पावसाने तो धुपतो, म्हणून फाल्गुन सरता सरता दरवर्षी द्यावा. येथे कंजुषी करण्यात काडीचाही लाभ नाही.

त्यापुढील उपाय म्हणजे माळ्याची ती उशी लहान प्रमाणात परत निर्माण करणे. पत्र्याखाली चार-सहा अंगुळे मोकळी जागा सोडावी व तिच्याखाली खनिज लोकरीचा दोन इंच थर देऊन आतून तक्तपोशी करावी. काही कारागीर चकचकीत ॲल्युमिनियमचा कागद पत्र्याला चिकटवून टाकतात, ते व्यर्थ आहे. त्या कागदाचा गुण चकाकत्या पृष्ठभागात आहे, आणि समोर हवेची पोकळी असेल तरच तो गुण उपयोगी पडतो. चकाकती बाजू खाली, पोकळीकडे ठेवावी, म्हणजे तीवर धूळ बसत नाही. थर्माकोल मात्र मला मुळीच पसंत नाही. उंदीर तो पोखरतात, आणि जुन्या सागवानी घरात विजेच्या तारांशेजारी तो ठेवणे म्हणजे आगीस आमंत्रण देणे होय. १९८४ साली राजवाड्याचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला. लाकडी इमारतीचे काय होते हे इंदूरकरांस वेगळे सांगणे नको.

छपरावर जुना ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पत्रा असेल, तर तो कापू, घासू वा त्यास भोके पाडू नयेत. त्याची सूक्ष्म तंतुमय धूळ फुप्फुसांस घातक असते. ते काम जाणत्याकडूनच करवून घ्यावे.

आता हवेचा हिशेब. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर आवक-जावक सारखी हवी. वळचणीला हवा आत येण्यास वाट आणि आढ्याशी बाहेर जाण्यास वाट, अशा दोन्ही असल्या तरच उष्ण हवा वर चढून निघून जाते. अमेरिकेतील बांधकामाच्या नियमांत माळ्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेवा भाग मोकळ्या वाटांसाठी धरतात. या मानाने ६०० चौरस फुटांच्या माळ्यास ४ चौरस फूट वाट लागते. पैकी निम्मी वर, निम्मी खाली. जाळी लावल्याने वाट अरुंद होते, तेवढी भोके मोठी ठेवावीत. हल्ली छपरावर गरगर फिरणारे पंखे बसविण्याची हौस दिसते. खाली वळचणीला वाट नसेल, तर ते केवळ शोभेचे. जाळी बसविण्यापूर्वी वळचणीत पारव्यांची घरटी आहेत काय ते पाहावे, आणि पिले उडून गेल्यावरच काम करावे.

धान्य साठविणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आश्विन-कार्तिकात, सोयाबीनच्या आवकेच्या वेळी, आकाश निरभ्र असते. रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकून भोवतालच्या हवेहूनही थंड होतो. ओलसर मालातून निघालेली वाफ त्याच्या खालच्या अंगास जाऊन जमते व थेंब होऊन पोत्यांवर गळते. पुष्कळांस हे छप्पर गळल्यासारखे वाटते आणि ते पत्र्याचे सांधे डांबराने बुजवितात. त्याने उलट कोंडमारा वाढतो. थप्पी भिंतीपासून दूर, फळ्यांवर आपण रचतो ती मालास हवा मिळावी म्हणूनच. छपरास तोच न्याय लागू आहे. तक्तपोशीचे सांधे मात्र घट्ट बुजवावेत, म्हणजे खालची वाफ लोकरीत शिरणार नाही. ओली लोकर उष्णता अडवीत नाही.

तुळयांची भिंतीत गेलेली टोके सिमेंटने लिंपून टाकू नयेत. तेथे हवा न मिळाल्यास लाकूड आतून कुजते, वाळवी लागते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच असल्याने येथील रात्री भर उन्हाळ्यातही निवतात. म्हणून खोलीची तावदाने सकाळी नऊच्या सुमारास मिटावीत, व दिवे लागल्यावर बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड वाटू लागली की उघडावीत. छपराच्या पोकळीच्या वाटा मात्र अहोरात्र मोकळ्या असाव्यात.