चिखलातला वारा

कोकणात जुन्या घराच्या मागे, न्हाणीतलं पाणी बाहेर पडतं तिथे, हमखास अळू माजलेला दिसतो. घाटावर त्याच जागी कर्दळ, नाहीतर केळ. खत नाही, निगा नाही, तरी पानं हातभर रुंद. बघणाऱ्याला वाटतं, अळूला घाण मानवते. तो साबणाचं पाणी पितो, घाण पोटात ठेवतो आणि उरलेलं स्वच्छ पाणी जमिनीला देतो. ‘झाडं पाणी गाळतात’ असं आपण सहज म्हणूनही जातो. तिथे खरोखर जे चालतं ते याहून कितीतरी अजब आहे, आणि त्यात झाडाच्या पिण्यापेक्षा झाडाच्या श्वासाचा भाग मोठा आहे.

आधी सांडपाण्यात असतं काय ते बघू. शहरातल्या गटारातल्या पाण्यातही 99.9 टक्के पाणीच असतं. लिटरभरात जेमतेम एक ग्रॅम बाकीचा ऐवज: साबण, तेल, भाताची शितं, अंगाचा मळ, कपड्यांच्या पावडरीतले क्षार, आणि या सगळ्यावर जगणारे जिवाणू. या चिमूटभर ऐवजापायी आपण उरलेलं सगळं पाणी टाकून देतो. भारतीय मानकानुसार शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात, त्यातलं 45 लिटर संडासासाठी. बाकीचं बहुतेक सगळं आंघोळ, भांडी, धुणं, लादी असं करत मोरीत जातं. चौघांच्या घरात ते रोज तीनशे लिटरच्या वर भरतं. संडासाचं पाणी त्यात मिसळलं नाही, तर हे मोरीचं पाणी तसं पुष्कळ सभ्य असतं.

मग त्याला वास का सुटतो? कारण त्यातले जिवाणू तो ऐवज खायला लागतात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. आपल्याकडच्या तापमानाला लिटरभर पाण्यात फार तर आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. घरगुती सांडपाण्यातला खाऊ पूर्ण पचवायला मात्र लिटरमागे दोनशे मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लागतो. म्हणजे शिधा दोनशे जणांचा आणि चूल आठ जणांची. काही तासांत ऑक्सिजन संपतो आणि कारभार दुसऱ्या जातीच्या जिवाणूंकडे जातो. त्यांना हवा लागत नाही. ते गंधकाच्या संयुगांवर भागवतात आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सोडतात. बादलीत धरून ठेवलेलं मोरीचं पाणी दुसऱ्या दिवशी नाकाजवळ नेववत नाही ते यामुळे. हे पाणी झाडांना घालायचं तर त्याच दिवशी घालावं, असं सांगतात तेही यासाठीच.

थोडक्यात, सांडपाण्याचा प्रश्न मुळात हवेचा आहे. जिवाणू काम करायला तयारच असतात, त्यांना श्वास घ्यायला मिळाला की झालं. 1914 मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात सतत हवा सोडून, तळाशी बसलेला जिवंत गाळ पुन:पुन्हा वापरून ते झपाट्याने स्वच्छ करून दाखवलं. आज आपल्या सोसायट्यांच्या तळघरात ब्लोअर घरघरत असतो तो त्याच पद्धतीचा वारस. अशा प्रकल्पाच्या वीजबिलाचा साधारण निम्मा भाग नुसते बुडबुडे सोडण्यात जातो. बिल वाचवायला ब्लोअर बंद ठेवणाऱ्या सोसायट्या कमी नाहीत, आणि वास त्यांची चहाडी करतोच.

अळूला ब्लोअर नाही. मग त्याच्या पायाशी हवा येते कुठून?

एकदा भाताचं रोप खाचरातून उपटून बघा. आजूबाजूचा चिखल काळा, वासाचा. तो काळेपणा लोह आणि गंधकाच्या संयुगाचा, म्हणजे तिथे ऑक्सिजन नाही याची खूण. पण मुळं धुतलीत तर त्यांवर तांबूस थर दिसतो. तो गंज आहे. काळ्या चिखलात, हवेचा मागमूस नसलेल्या जागी, मुळाभोवतालचं लोह गंजलेलं! गंजायला ऑक्सिजन लागतो, आणि तो मुळातूनच पाझरतो. पाणथळीतल्या झाडांच्या देठात आणि मुळांत हवेच्या पोकळ्यांची लांबच लांब जाळी असते. कमळाचा देठ किंवा भाजीसाठी आणलेली कमळकाकडी आडवी कापली की ती भोकं सरळ डोळ्यांना दिसतात. पानाकडची हवा त्या वाटेने खाली जाते, मूळ ती वापरतं आणि थोडी बाहेर गळते. त्या गळतीने मुळाभोवती काही मिलिमीटरचं हवेशीर कडं तयार होतं, आणि तेवढ्या जागेत हवा लागणारे जिवाणू दाटीवाटीने राहतात.

इथपर्यंतही मी फार तर ‘वा’ म्हटलं असतं. थक्क व्हायला होतं ते पुढच्या गोष्टीने. 1980 मध्ये जॉन डेसी या संशोधकाने पिवळ्या जललिलीच्या आत चक्क वारा वाहत असल्याचं दाखवलं. कोवळं पान उन्हात तापतं. त्याच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार आणि वाफेने भरलेली असते. त्या पानाची आतली छिद्रं इतकी बारीक की बाहेरची कोरडी हवा त्यांतून आत झिरपते, पण आत वाढलेला दाब त्याच वाटेने सहज निसटू शकत नाही. मग ती हवा देठातून खाली ढकलली जाते, चिखलातल्या जाड कंदापर्यंत पोचते, आणि तिथून जुन्या पानांच्या देठांतून वर येऊन त्यांच्या मोठ्या, सैल झालेल्या छिद्रांतून बाहेर पडते. परतताना चिखलातला मिथेन आणि कार्बन डाय-ऑक्साइडही घेऊन येते. ना पंप, ना झडप. कोवळं पान हवा भरतं, म्हातारं पान सोडतं, आणि सगळा खर्च उन्हाचा. कमळात, पाणकणसात आणि नदीकाठच्या नळातही ही युक्ती सापडली आहे.

झाडांच्या या ताकदीवर आधी विश्वास टाकला तो जर्मनीतल्या प्लोन इथल्या माक्स प्लांक संस्थेत काम करणाऱ्या केटे झायडेल यांनी. 1950च्या दशकात त्यांनी लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पती सांडपाण्यात वाढवून पाहायला सुरुवात केली. सांडपाणी हे स्थापत्य अभियंत्यांचं राज्य, तिथे वनस्पतिशास्त्रातल्या बाईंचं कोण ऐकणार? बराच काळ कोणी ऐकलं नाही. पुढे राइनहोल्ड किकूथ यांनी मुळांचा पट्टा वापरायची पद्धत मांडली आणि 1974 मध्ये ओथफ्रेझन या गावी तिचा पहिला मोठा प्रकल्प सुरू झाला. मुळं माती हवेशीर आणि मोकळी करतील, असा त्यांचा दावा होता. नंतरच्या मोजमापांनी तो बराच खाली उतरवला. मुळांतून गळणारा ऑक्सिजन हवा तेवढा नसतो, आणि झाडं स्वतः शोषून घेतात त्या नायट्रोजन-फॉस्फरसचा वाटाही मोठा नाही. मला हा उतार आवडतो. झाडांचं कौतुक कमी होत नाही, फक्त मुख्य कारागीर कोण ते कळतं: खडीवर आणि मुळांवर बसलेला तो बुळबुळीत थर, म्हणजे जिवाणूंची वसाहत. झाड त्यांना राहायला जागा देतं, थोडी हवा आणि थोडी साखर पुरवतं.

त्या थरातली सर्वांत सुंदर घडामोड नायट्रोजनची. मुळाजवळ, हवेशीर कड्यात, जिवाणू अमोनियाचा नायट्रेट करतात. तो नायट्रेट दोन-चार मिलिमीटर पलीकडे, हवा नसलेल्या भागात सरकतो, आणि तिथले दुसरे जिवाणू त्यातला ऑक्सिजन काढून घेतात. उरतो निव्वळ नायट्रोजन वायू, जो आपल्या हवेत 78 टक्के आहेच. काल कुणाच्या ताटातल्या डाळीत होता तो आज हवेत. हवेशीर आणि बिनहवेशीर जागा शेजारी-शेजारी असाव्या लागतात, एवढीच अट.

घरामागे हे करायचं तर आकडे अवघड नाहीत. चार मीटर लांब, एक मीटर रुंद, साठ सेंटिमीटर खोल असा चर घ्या, पाणी मुरू नये म्हणून आतून बंद करा आणि खडीने भरा. खडीच्या सांदीत साधारण चाळीस टक्के मोकळी जागा असते, म्हणजे या चरात साडेनऊशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. रोज तीनशे लिटर आलं तर थेंबाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला तीन दिवस. तेवढा वेळ पुरतो. पाण्याची पातळी खडीच्या वरच्या थरापासून चार बोटं खाली ठेवायची. पाणी उघडं दिसत नाही, त्यामुळे डासांना अंडी घालायला जागा नाही. वर कर्दळ, पाणकणीस किंवा अळू. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने याच तत्त्वावर फायटोरिड नावाचं तंत्र विकसित केलं, त्यात संडासाचं पाणीही चालतं.

चराच्या आधी एक छोटं चेंबर मात्र हवंच, खरकटं आणि तेल अडवायला. फोडणीचं तेल खडीत शिरलं की सगळं संपलं, चर तुंबलाच म्हणून समजा. ते चेंबर आठवड्याला उपसायचं काम घाणेरडं असतं आणि अशा सुंदर योजना बहुधा तिथेच मरतात. दुसरी काळजी साबणाची. कपड्यांच्या पावडरीत सोडियम भरपूर. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत तो साठत गेला की मातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात, पाणी मुरत नाही आणि जमीन चोपण होते. झाडं सोडियम काढत नाहीत, जिवाणू तो खात नाहीत. तो टाळायचा तर पावडर कमी वापरायची. चरातून आलेलं पाणी नारळ, केळी, पेरू यांच्या आळ्यात सोडावं. कच्च्या खायच्या कोथिंबिरीला ते नको.

आतापर्यंत ऊन पानांतून फिरून आलं. खडीतल्या पाण्याला ते दिसलंही नाही. पण ऊन थेट पाण्यावर पडलं तर आणखी एक नाट्य घडतं. 1877 मध्ये डाउन्स आणि ब्लंट या दोघा इंग्रजांनी जिवाणूंना आवडणारा द्रव नळ्यांत भरून काही उन्हात आणि काही झाकून ठेवल्या. झाकलेल्या गढुळल्या, उन्हातल्या स्वच्छ राहिल्या. ऊन जंतू मारतं याचा तो पहिला नीट पुरावा. उथळ तळ्यात हेच शेवाळाच्या मदतीने घडतं. सूक्ष्म हिरवं शेवाळ उन्हात ऑक्सिजन बनवतं, आणि भर दुपारी पाण्यात तो लिटरला वीस मिलिग्रॅमच्याही वर जातो, म्हणजे पाण्याच्या नेहमीच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. ते कार्बन डाय-ऑक्साइड ओढून घेतं म्हणून पाण्याचा सामू (पीएच) नऊच्या पुढे चढतो. माणसाच्या आतड्यात आरामात राहणाऱ्या जिवाणूंना हा सामू, हा प्रकाश आणि एवढा ऑक्सिजन तिन्ही एकदम सोसत नाहीत.

हे शहराच्या मापाने बघायचं तर कोलकात्याला जावं. शहराचा उतार पूर्वेकडे, तिथल्या बिद्याधरी नदीत गटारं सोडलेली. नदी गाळाने भरत गेली, 1928 मध्ये ती मृत ठरली, भरतीचं खारं पाणी आत येईना. खाऱ्या तळ्यांतल्या मासेमारांचा धंदा बसला. त्यांनी मग शहराचं सांडपाणीच तळ्यात घ्यायला सुरुवात केली. या तळ्यांना भेरी म्हणतात. पाणी कमरे-छातीएवढंच, कारण ऊन तळाच्या जवळ पोचायला हवं. आधी सांडपाणी घेऊन काही आठवडे उन्हात नुसतं ठेवायचं. काळं पाणी हिरवं झालं की त्यात रोहू, कटला, मृगळ सोडायचे. शेवाळ जिवाणूंना हवा देतं, जिवाणू शेवाळाला खत, आणि मासे वाढलेलं शेवाळ खाऊन टाकतात. काठाने जलपर्णीचा पट्टा राखलेला असतो. आपल्याकडे पवना-मुळा नद्यांत जिच्या नावाने बोटं मोडतात ती तिथे बांधाला लाटांपासून वाचवते. पहाटे मात्र जीव टांगणीला. रात्री शेवाळ उलट ऑक्सिजन खातं, आणि सांडपाणी प्रमाणाबाहेर घेतलेलं असेल तर मासे पृष्ठभागाशी तोंडं काढतात. किती घ्यायचं हा अंदाज मासेमारांच्या अंगवळणी पडलेला आहे.

1980च्या दशकात राज्य सरकारच्या सेवेतले अभियंता ध्रुवज्योती घोष, शहराचं सांडपाणी शेवटी जातं कुठे याचा माग काढत कालव्यांच्या कडेने इथे पोचले, आणि मासेमार जे करत होते त्याला सांडपाणी-शुद्धीकरण म्हणतात हे त्यांनी जगाला पटवून दिलं. 2002 मध्ये भेरी, भातशेती आणि भाजीमळे मिळून 12,500 हेक्टरांना रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. पूर्वेकडे वाढणाऱ्या शहराला ती जागा घरांसाठी हवीच आहे, आणि कालवेही गाळाने भरताहेत. त्यामुळे तिथल्या मासेमारांची नेहमीची तक्रार ऐकून बाहेरचा माणूस आधी गोंधळतो: आमच्या भेरीला सांडपाणी पुरेसं मिळत नाही.