जीवाणूंची वाटणी आणि वार्धक्य

शनिवार पेठेच्या काठाने वाहणारी मुठा ओलांडून कर्वे रस्त्याने पुढे गेले की आबासाहेब गरवारे महाविद्यालय लागते. वार्धक्य अटळ आहे काय, हा प्रश्न तेथील सूक्ष्मजीवशास्त्र विभागात जीवाणूंच्या निमित्ताने विचारला गेला. त्याचे जे उत्तर हाती आले ते व्यापारी घराण्यांतील वाचकांना इतरांपेक्षा लवकर उमगेल, कारण ते मुळात वाटणीचे आहे.

जीवाणू म्हातारा होत नाही, अशी समजूत दीर्घकाळ होती. एकाचे दोन होतात आणि दोन्ही सारखेच. मग त्यांतील आई कोण आणि लेक कोण? २००५ साली पॅरिसमधील संशोधकांनी ई. कोलाय या आतड्यातील जीवाणूच्या ३५ हजारांहून अधिक पेशींचे चित्रीकरण केले आणि ही समजूत डळमळली. प्रत्येक पेशीचे एक टोक नुकतेच तयार झालेले असते, दुसरे आधीच्या पिढ्यांकडून आलेले. जुने टोक जिच्या वाट्याला वारंवार येते त्या पेशीची वाढ मंदावत जाते. बिघडलेली प्रथिनेही याच जुन्या टोकापाशी साचतात.

समजा, शनिवार पेठेतील एखाद्या जुन्या पेढीची दोन भावांत वाटणी व्हायची आहे. खतावणीत बुडीत उधारी आहे, गोदामात न खपलेला माल पडून आहे. एक मार्ग असा की चांगले-वाईट सारे निम्मे निम्मे करावे आणि वसुलीचा व डागडुजीचा खर्च दोघांनीही सोसावा. दुसरा मार्ग असा की सगळी बुडीत खाती थोरल्याच्या माथी ठेवावीत आणि धाकट्याच्या हाती कोरी वही द्यावी. थोरल्याची पेढी आज ना उद्या बसेल. धाकट्याची मात्र झपाट्याने वाढेल. माणसांत असा व्यवहार झाला तर प्रकरण कोर्टात जाईल. जीवाणूंत थोरला मुकाट्याने बसतो, आणि त्या बसण्यालाच वार्धक्य म्हणतात.

मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात या दोन्ही मार्गांचे गणित मांडले. अन्न मुबलक असेल तेथे असमान वाटणी फायद्याची, कारण तीत वाढीचा वेग अधिक. अन्न तुटपुंजे असेल तेथे समान वाटणी आणि चोख डागडुजी सरस ठरते. वेग कमी, पण तेवढ्याच अन्नातून अधिक पेशी निपजतात. एकीकडे उलाढाल मोठी, दुसरीकडे भांडवलाचे चीज. म्हणजे जीवाणूपुरते तरी वार्धक्य अटळ नाही. परिस्थिती पाहून पत्करलेला तो एक व्यवहार असू शकतो.

कागदावरचा हा हिशेब प्रत्यक्षात जुळतो का, हे वाटवे यांच्याच चमूने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तपासले. विरळ अन्नात वाढवलेल्या ई. कोलायची विभागणी खरोखरच अधिक समान झालेली दिसली. भरपूर अन्नावर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेल्या वंशांत जुन्या किंवा मृत भासणाऱ्या पेशी अधिक आढळल्या. यातला काही भाग पेशीच्या अंगच्या लवचिकतेचा होता, काही जनुकांत उतरलेला. मात्र असमान वाटणीने वेग वाढतो, या अंदाजाला त्या मोजमापात आधार मिळाला नाही. न जुळलेली ही रक्कमही ताळेबंदात उघडपणे दाखवलेली आहे. असे ताळेबंद विरळाच पाहायला मिळतात.

जनुकांचा विषय निघाला की सी. एलिगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या, दोन-तीन आठवडे जगणाऱ्या कृमीकडे वळावेच लागते. १९९३ साली कॅलिफोर्नियात सिंथिया केनियन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की डॅफ-२ या एका जनुकात बदल झाला, तर हा कृमी दुप्पट जगतो. पुढे १९९७ साली उलगडले की माणसाच्या पेशीवर इन्सुलिनची वर्दी घेणारे जे प्रथिन असते, त्याचाच हे जनुक भाऊबंद आहे. येथेही प्रश्न अखेर अन्नाचाच निघाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उल्लास कोल्थूर-सीताराम यांच्या गटाने उंदरांच्या यकृतातील सर्ट-१ या प्रथिनावर काम केले आहे. जेवणानंतर साखरेपासून बनलेला एक रेणू या प्रथिनाला चिकटतो, उपाशीपोटी तो कमी होतो आणि त्यानुसार प्रथिनाचे काम बदलते.

हे वाचून उपवास म्हणजे दीर्घायुष्याची हुंडी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याची साखर उपवासात एकाएकी उतरू शकते. त्याने आधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. शिवाय माणसाच्या जवळच्या प्राण्याचा पुरावा सरळ नाही. ऱ्हीसस माकडांना कमी आहार दिल्यास म्हातारपणाच्या विकारांनी होणारे मृत्यू घटतात, असे विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी २००९ साली जाहीर केले. अमेरिकेच्याच राष्ट्रीय वार्धक्य संस्थेला मात्र २०१२ साली आयुर्मानात तसा फरक आढळला नाही. दोन्हीकडच्या नोंदी ताडून पाहता एक भेद समोर आला. विस्कॉन्सिनमध्ये तुलनेसाठी ठेवलेल्या माकडांना हवे तेवढे खायला मिळत होते, आणि त्या खाण्यात साखर कितीतरी अधिक होती.