नायट्यावर उजेडाचा उतारा

आपल्याकडे गेल्या दशकभरात नायटा भलताच हट्टी झाला आहे. टर्बिनाफिनच्या गोळ्यांनी काही आठवड्यांत बरा होणारा रोग आता महिनोन्‌महिने मांडीवरून, कमरेवरून हलत नाही. २०२०मध्ये ज्या बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळाले, ती यातली मुख्य आरोपी. टर्बिनाफिन तिच्या एकाच विकरावर नेम धरते. त्या विकरातले एक अमिनो आम्ल बदलले की नेम चुकतो. (दुकानातून सर्रास मिळणाऱ्या स्टेरॉइडमिश्रित मलमांनी तिला रान मोकळे करून दिले, ते वेगळेच.) बरे, नवे औषध शोधावे, तर बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा आपल्या पेशीला जवळची, तिला मारणारे पुष्कळदा आपल्यालाही बाधते. म्हणूनच फक्त उजेड पडेल तिथेच जागी होणारी धातुयुक्त द्रव्ये आधी नायट्यावरच आजमावावीत, असे मला वाटते.

रंगद्रव्य आणि उजेड मिळून सूक्ष्मजीव मारतात, हे म्युनिकमधल्या ऑस्कर राब यांनी १९००मध्येच नोंदवले होते. धातूमुळे त्यात मोठी भर पडते. रुथेनियमसारखा जड अणू रेणूत असला, की प्रकाशाने चेतवलेला रेणू ती ऊर्जा लगेच गमावत नाही. ती शेजारच्या ऑक्सिजनला देतो. असा चेतवलेला ऑक्सिजन पाण्यात काही मायक्रोसेकंदच टिकतो, पण तेवढ्यात पेशीपटल, प्रथिने, जे हाती लागेल ते जाळतो. टिटॅनियम डायऑक्साइडही उजेडात असेच विध्वंसक रेणू तयार करतो, मात्र त्याला अतिनील किरण लागतात. रोग्याच्या त्वचेसाठी तो मला पसंत नाही.

मग आपली त्वचा जळणार नाही का? इथेच नायट्याची जागा कामी येते. ही बुरशी मुख्यतः त्वचेच्या वरच्या, मृत केराटिनच्या थरात राहते. चेतवलेल्या ऑक्सिजनची धाव पेशीच्या रुंदीइतकीही नसते. द्रव्य त्या थरातच राहिले, तर खालच्या जिवंत पेशींना झळ कमी. बुरशी यालाही सरावेल, हा आक्षेप अर्धा खरा आहे. कॅटलेजसारखी बचावाची विकरे तिच्याकडे आहेतच. पण एका विकरातला बदल इथे पुरत नाही, कारण घाव एका जागी पडत नाही. फुप्फुसातल्या किंवा रक्तातल्या बुरशीपर्यंत मात्र उजेड पोहोचवणे अवघड, त्यामुळे म्युकरमायकोसिसवर हाच उतारा, अशी आशा कुणी दाखवू नये. केसांच्या मुळाशी दडलेली बुरशीही निसटू शकते. प्रयोगशाळेतल्या बशीत बुरशी मेली, एवढ्याने काम भागत नाही. टर्बिनाफिन हरलेल्या रोग्यांवर चाचण्या हव्यात, आणि डाग गेल्यावरही काही महिने त्यांच्यावर लक्ष ठेवायला हवे.